तळटीप वाचणारा परीक्षक

पुस्तकाचे परीक्षण कसे लिहावे, असे कुणी विचारले की मी नीळकंठ जनार्दन कीर्तने यांचे नाव सांगतो. साताऱ्याला पोलिटिकल एजंट राहिलेल्या ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये लंडनला तीन खंडांत निघाला. पुढे केपनने तो मराठीत आणला आणि 'मराठ्यांची बखर' म्हणून तो आपल्याकडे वाचला जाऊ लागला. १८६७ मध्ये विशीतल्या कीर्तन्यांनी पुण्यात त्यावर टीकानिबंध वाचला. पुढच्या वर्षी तो 'विविधज्ञानविस्तारा'त आला.

साहेबाच्या ग्रंथावर इथल्या विद्यार्थ्याने टीका करणे, यात देशाभिमान होताच. पण मला मोल वाटते ते त्यांच्या वाटेचे. अमुक कागदाची नक्कल मुंबईच्या लिटररी सोसायटीकडे ठेवली आहे, असे डफ तळटिपांतून सांगतो. आपण बहुतेक जण तळटीप ओलांडून पुढे जातो. कीर्तन्यांनी विचारले, त्या नकला आहेत कुठे? त्यांचा पत्ता लागेना. डफने कागद जाळले अशी बोलवाही झाली; पुराव्यावाचून ती मी पुढे नेणार नाही. मात्र कीर्तने तक्रारीवर थांबले नाहीत. मल्हार रामराव चिटणीसांची बखर त्यांनी स्वतः संपादून वाचकांपुढे ठेवली. १८७८ मध्ये साने, मोडक मंडळींचे 'काव्येतिहाससंग्रह' निघाले, तेव्हा जुने कागद छापण्याचा रस्ता थोडा तरी मळलेला होता.

हे मला उशिरा कळले. वीसेक वर्षांपूर्वी एका निवृत्त शिक्षकाने लिहिलेल्या तालुक्याच्या इतिहासावर मी लिहिले. शुद्धलेखनाच्या चुका मोजल्या, भाषेची टर उडवली, आणि 'आधार दिसत नाही' असा शेरा मारून मोकळा झालो. लोकांनी वाहवा केली. आधार होता. एका इनामदाराच्या घरातल्या दप्तराचा उल्लेख प्रकरणाच्या शेवटी बारीक अक्षरात होता. मी तिथवर पोचलोच नव्हतो. बऱ्याच वर्षांनी त्या वाड्यावर गेलो, तर वाडा विकलेला आणि दप्तर रद्दीत गेलेले. आता त्या कागदांतले जे काही उरले आहे, ते त्या गुरुजींनी उतरवून घेतले तेवढेच. त्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती त्यांनी काढली नाही. माझ्याकडची प्रत मी नुकतीच बांधून घेतली. समासात माझ्याच हातचे लाल शेरे आहेत.