मारुती ८०० खरंच स्वस्त होती का? गाडी आणि तिचे पार्ट मजुरीच्या दिवसांत मोजले तर...

"मारुती ८०० फक्त ४७,५०० रुपयांत!" जुन्या जाहिरातीचा किंवा डिसेंबर १९८३ मध्ये दिल्लीत इंदिरा गांधींनी पहिल्या ग्राहकाला किल्ली दिली त्या सोहळ्याचा फोटो आणि खाली हे वाक्य. अशी पोस्ट तुमच्याही फीडवर कधीतरी आली असेल. खाली कमेंट ठरलेली: "काय स्वस्ताई होती राव!"

पण हीच किंमत हिंगोली जिल्ह्यातल्या आखाडा बाळापूरसारख्या गावातल्या मजुराच्या नजरेतून पाहिली तर? महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेत सर्वात खालचा मजुरी दर मे १९८८ मध्ये दुप्पट झाला, तोही ६ रुपयांवरून १२ रुपये. म्हणजे मारुती आली त्या काळात रोज साधारण ६ रुपये. त्या हिशेबाने गाडी पडते सुमारे ७,९०० दिवसांना. एकही खाडा न करता, पोटाला एक पैसाही खर्च न करता, जवळपास पावणेबावीस वर्षं.

आता २०२५-२६ चा दर बघा. रोजगार हमीवर राज्यात दिवसाला ३१२ रुपये. साधारण ३ लाख ७० हजारांची अल्टो के-१० या दराने सव्वातीन वर्षांची मजुरी होते. कमी नाहीच, पण पावणेबावीस कुठे आणि सव्वातीन कुठे!

अमेरिकेत गणित वेगळं का होतं?

१९१९ पासून फोर्डच्या कारखान्यात आठ तासांचे किमान ६ डॉलर मिळत. १९२५ मध्ये मॉडेल टीचं सर्वात स्वस्त रूप २६० डॉलरला होतं. म्हणजे ४३-४४ दिवसांची मजुरी. या गाडीबद्दल नेहमी सांगितलं जातं की सायलेन्सर २५ सेंटला आणि मडगार्ड अडीच डॉलरला मिळे. तसं असेल तर सायलेन्सर म्हणजे २० मिनिटांचं काम. (कारखान्यातला कामगार आणि शेतमजूर यांची तुलना तंतोतंत नाही, हे खरं. पण फरक एवढा मोठा आहे की मुद्दा बदलत नाही.)

पार्टचं खरं दुखणं इथे कळतं. समजा, एखादा पार्ट गाडीच्या किमतीच्या फक्त एक टक्का आहे. १९८३ च्या मारुतीसाठी तो ४७५ रुपये, म्हणजे ७९ दिवसांची मजुरी. आजच्या अल्टोसाठी तोच एक टक्का बारा दिवसांत येतो.

म्हणून "बदलू नका, दुरुस्त करा"

पार्ट महाग आणि माणसाचा हात स्वस्त, तिथे कुणी नवा पार्ट घेत नाही. इंजिन बोअर करून स्लीव्ह बसवायची, ब्रेकला नवं लायनर रिव्हेटने ठोकायचं, डायनामो रिवाइंड करायचा, गॅस्केट कागदातून कापायचं, टायर रिट्रेड करायचा, पाटा लोहाराकडे नेऊन ताणून आणायचा. आपल्या मिस्त्रींना "जुगाडू" म्हणून हसणं सोपं आहे. प्रत्यक्षात ते अर्थशास्त्र होतं. शिवाय बाळापुरातून पार्टसाठी नांदेडला जायचं तर एसटीचं भाडं वेगळं आणि बुडालेला रोज वेगळा. तो खर्च कुठल्याच बिलावर दिसत नाही.

मुंबईच्या कुर्ल्यात प्रीमियर कंपनीने १९६४ पासून बनवलेली फियाट ११०० डिलाइट, जी पुढे पद्मिनी झाली, ती याच हातांवर दशकानुदशकं धावली. उत्पादन २००० च्या सुमारास थांबलं. आता तिचे पार्ट बऱ्याचदा भंगारातून शोधावे लागतात, नाहीतर लेथवर बनवून घ्यावे लागतात. आणि आता उलटं झालंय: पार्टपेक्षा तो बनवणारा कारागीर सापडणं अवघड.

अशी गाडी घरी असेल तर एक नियम माहीत हवा. २०२१ पासून, पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली आणि मूळ रूपात असलेली खासगी दुचाकी किंवा चारचाकी "विंटेज" म्हणून नोंदवता येते. नंबरप्लेटवर "व्हीए" ही अक्षरं येतात, नोंदणी दहा वर्षं चालते. मात्र रोजच्या वापराला ती गाडी चालत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर काढता येते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये.

रोजगार हमीच्या दराने ६४ दिवस.