कुजलेल्या आंब्याच्या ओंडक्यातून लाकडी वाडगा कसा बनतो?

कन्नड तालुक्यातल्या पिशोरसारख्या गावात बांधावरचा जुना आंबा वादळात आडवा झाला, की खोड वखारीत जातं आणि फांद्या चुलीत. उरतो तो बुंध्याचा कुजका, डागाळलेला तुकडा. तो कुणालाच नको असतो. पण लेथवर भांडी कातणारे जगभरातले कारागीर असेच तुकडे मुद्दाम शोधतात.

कारण त्यातल्या काळ्या रेघा. ओलं लाकूड जमिनीला टेकून पडलं की त्यात बुरशी शिरते. वेगवेगळ्या बुरशा एकमेकींना भिडतात, तेव्हा आपापल्या हद्दीवर गडद रंगद्रव्याची भिंत उभी करतात. लाकूड कापल्यावर हीच भिंत शाईने काढलेल्या नकाशासारखी दिसते. अशा लाकडाला इंग्रजीत ‘स्पाल्टेड’ म्हणतात. रंग द्यायची गरजच उरत नाही.

मात्र सगळी कूज कामाची नसते. लाकडात हलका स्क्रू-ड्रायव्हर टोचून बघा. टोक जेमतेम रुतलं तर ठीक. लोण्यात जावं तसं आत गेलं, किंवा लाकूड तपकिरी होऊन चौकोनी तुकड्यांत फुटत असेल, तर ते चुलीतच बरं. फिरत्या लेथवर असा तुकडा फुटून थेट तोंडावर येऊ शकतो.

आधी परवानगीचं बघा

महाराष्ट्रात झाडं तोडण्याबाबत १९६४ चा कायदा आहे. आंबा, चिंच, फणस, जांभूळ ही झाडं त्याच्या अनुसूचीत येतात. म्हणजे झाड स्वतःच्या शेतातलं असलं तरी परवानगी लागते. झाड वाळलेलं, रोगट किंवा वाऱ्याने पडलेलं असणं हे परवानगी मिळण्याचं कारण ठरतं, पण विचारल्याशिवाय करवत लावू नये.

मग कातकाम

लाकडी भांडं आपल्याला नवीन नाही. भाकरीचं पीठ मळायची काठवट अनेक घरांत होती, पण ती सुतार वाकसाने कोरायचा. लेथवरचं काम वेगळं. ते बघायचं तर सावंतवाडी गाठावी. तिथली चितार आळी लाकडी खेळण्यांसाठी आणि फळांसाठी प्रसिद्ध आहे. लाकूड फिरत राहतं आणि कारागीर धारदार हत्यार टेकवून त्याला आकार देतो.

वाडग्यासाठी ओंडका मधोमध उभा चिरतात आणि गाभा काढून टाकतात, कारण तडे तिथूनच सुरू होतात. अर्धा भाग गोलसर कापून लेथच्या तबकडीला स्क्रूने घट्ट बसवतात. स्क्रू निरोगी लाकडातच जायला हवेत. सुरुवातीला वेग कमी, मिनिटाला ३०० ते ५०० फेरे.

पहिल्या फेरीत वाडगा मुद्दाम जाड ठेवतात. १० इंच रुंद वाडग्याची भिंत साधारण १ इंच. मग तो काही महिने सावलीत सुकवायचा. या काळात तो अंडाकृती होतो, म्हणून ती जास्तीची जाडी. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या खाली गेला की बुरशीची वाढही थांबते. इथे घाई केली की भांडं तडकतं, आणि बहुतेक वाडगे याच टप्प्यावर वाया जातात.

दुसऱ्या फेरीत भिंत पातळ करतात. मऊ भागात हत्यार कापत नाही, तंतू उपटून काढतं. अशा जागी पातळ सुपरग्लू किंवा लाखेचं द्रावण मुरवून लाकूड घट्ट करतात आणि पुन्हा कातून घेतात.

मास्क का लावायचा?

लाकडाच्या धुळीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली कर्करोगकारक ठरवलं आहे. कुजक्या लाकडाच्या धुळीत बुरशीचे बीजाणूही असतात. आंब्याच्या चिकाने काहींच्या अंगावर पुरळ येतं, ते वेगळंच. तोंडाला बांधलेला रुमाल इथे पुरत नाही. धूळ गाळणारा मास्क आणि पूर्ण चेहरा झाकणारी ढाल, दोन्ही हवं.

यात खायचं का?

वाडग्याला जवसाचं तेल चोळतात, कारण ते हवेत हळूहळू घट्ट होतं. शेंगदाण्याचं तेल तसं सुकत नाही, उलट खवट होतं. हार्डवेअरच्या दुकानातल्या ‘बॉइल्ड’ जवस तेलात धातूंची संयुगं घातलेली असू शकतात, त्यामुळे भांड्यासाठी खाण्याचंच घ्यावं. तेलाने भिजलेली चिंधी मात्र चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. तेल सुकताना उष्णता निर्माण होते आणि चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. ती पाण्यात बुडवा किंवा बाहेर मोकळी पसरून वाळवा.

लाकूड पूर्ण घट्ट असेल तर वाडग्यात फळं, सुका मेवा ठेवायला हरकत नाही. ग्लू मुरवलेला, भोकं राहिलेला वाडगा शोभेलाच ठेवावा. आमटी-वरणासाठी आपली स्टीलची वाटीच बरी.