डाग काचेवरचा की आकाशातला?



थंडीच्या दिवसांत, जानेवारी-फेब्रुवारीत रात्री नवाच्या सुमारास अंगणात उभे राहिलात, तर मृग नक्षत्र चांगले वर आलेले दिसते. चार पायांचे चार तारे आणि पोटात रुतलेला तीन ताऱ्यांचा बाण. हा बाण शाळकरी पोरांनाही ओळखता येतो. त्याच्या जरा दक्षिणेला आणखी तीन बारीक तारे ओळीने आहेत. त्यांतला मधला नीट न्याहाळा. तो इतर ताऱ्यांसारखा टोकदार नाही. आरशावर श्वास सोडावा तसा पुसट, धुरकट दिसतो. तो नुसता तारा नव्हेच. तो तेजोमेघ आहे. वायू आणि धूळ यांचा हा अफाट ढग. त्याच्या पोटात नवे तारे जन्म घेत आहेत आणि तिथून निघालेल्या प्रकाशाला आपल्यापर्यंत यायला सुमारे १३०० वर्षे लागतात.

याच ढगाचे लालजांभळे चित्र पुस्तकात पाहिले की मुले गुरुजींना हमखास विचारतात, "पण आम्हांला असं काही दिसत का नाही?" प्रश्न रास्त आहे, आणि "दुर्बिणीतून दिसतं" हे त्याचे उत्तर नाही. मोठ्या दुर्बिणीतूनही डोळ्याला बहुधा राखी-हिरवट धूरच दिसतो. खरी गोष्ट अशी की आपला डोळा प्रकाश साठवीत नाही. क्षणभर आला तेवढा घेतो आणि सोडून देतो. उन्हाळ्यात नदीच्या वाळूत झिरा खणतात, तो आठवा. ओंजळ धरली तर पाण्याची नुसती ओल लागते. पण वाटी वाटी भरत तासभर बसले की घागर भरते. छायाचित्राची काच ही अशी घागर आहे. अंधुक प्रकाश तिच्यावर थेंब थेंब पडत राहतो आणि साचत जातो.

ही काच हाती येण्यापूर्वी खगोलवेत्ते तेजोमेघांची चित्रे हाताने काढीत. रात्री थंडीत दुर्बिणीला डोळा लावायचा, मिणमिणत्या दिव्याशी येऊन कागदावर रेघा ओढायच्या, पुन्हा डोळा लावायचा. दोघांची चित्रे सारखी येत नसत. मग वाद पडे: तेजोमेघ बदलला की चित्रकार बदलला? मृगातल्या तेजोमेघाबद्दल हा वाद कैक वर्षे चालला. त्याचा निकाल लावायचा कसा? साक्षीदार माणूसच, आणि त्याच्या डोळ्यांत मागची आठवण मिसळलेली.

हा पेच सोडवायला जे पुढे आले त्यांतले पुष्कळसे धंद्याने खगोलवेत्ते नव्हते, हे मला मुद्दाम सांगावेसे वाटते. पहिला न्यूयॉर्कचा हेन्री ड्रेपर. शिक्षणाने डॉक्टर. ३० सप्टेंबर १८८० रोजी ११ इंची दुर्बिणीने त्याने ५१ मिनिटे प्रकाश घेऊन मृगातल्या तेजोमेघाचे पहिले छायाचित्र काढले. पूर्वीच्या ओल्या काचा दहाएक मिनिटांत वाळून निकामी होत, म्हणून इतका वेळ थांबणेच शक्य नव्हते. जिलेटिनचा लेप दिलेल्या कोरड्या काचा निघाल्या आणि रात्रभर थांबायची सोय झाली. मार्च १८८२ मध्ये त्याने हाच वेळ १३७ मिनिटांवर नेला. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी तो वारला. त्याची पत्नी ॲना त्याच्याबरोबर वेधशाळेत काम करीत असे. पुढे तिच्या देणगीतून हार्वर्ड वेधशाळेत ताऱ्यांच्या वर्णपटांचे मोठे काम उभे राहिले.

दुसरा इंग्लंडातला अँड्र्यू कॉमन. हा सांडपाण्याच्या आणि नळांच्या कामाचा अभियंता. लंडनजवळ ईलिंग येथे घराच्या बागेत त्याने ३६ इंची आरशाची दुर्बीण उभारली होती. अडचण अशी की पृथ्वी फिरते, म्हणून तारा दर चार मिनिटांस एक अंश सरकतो. दुर्बीण घड्याळाच्या यंत्राने मागोमाग फिरवावी लागते, आणि ते यंत्र जरा चुकले की तारे रेघा होऊन उमटतात. कॉमनने सबंध दुर्बिणीशी झटापट करण्याऐवजी काचेची चौकटच सरकवता येईल अशी बसवली. एका ताऱ्यावर नजर ठेवायची आणि तो हलला की चौकट केसभर हलवायची. ३० जानेवारी १८८३ रोजी काढलेल्या त्याच्या चित्रात मृगातल्या ढगाच्या कडा तर आल्याच, पण त्याच दुर्बिणीतून डोळ्याला न दिसणारे तारेही आले. रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने १८८४ साली त्याला सुवर्णपदक दिले.

आता पाहा, इथे नवाच घोटाळा उभा राहतो. डोळ्याला दिसत नाही ते काचेवर दिसले, तर ते खरे कशावरून? काचेला डाग पडतात, लेप जाडपातळ बसतो, धुताना बोट लागते. १६ नोव्हेंबर १८८५ रोजी पॅरिसच्या आंरी बंधूंनी कृत्तिकांचे छायाचित्र काढले, त्यात माया नावाच्या ताऱ्याला चिकटून एक लहानसा ढग उमटला. तो आजवर कुणी पाहिला नव्हता. त्यांनी गाजावाजा केला नाही. डिसेंबरात पुन्हा काचा घेतल्या. ढग पुन्हा त्याच जागी आला. पुढच्या फेब्रुवारीत रशियातल्या पुल्कोव्होच्या नव्या ३० इंची दुर्बिणीतून, जागा ठाऊक असल्यामुळे, तो डोळ्यांनीही दिसला. काचेवरचा डाग जागा बदलतो, आकाशातला बदलत नाही. मला तर हा छोटा प्रसंग या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोलाचा वाटतो.

तिसरा माणूस आयझॅक रॉबर्ट्स. मूळचा वेल्सचा, लिव्हरपूलला इमारती बांधण्याच्या धंद्यात पैसा मिळवलेला. डब्लिनच्या ग्रब यांच्याकडून त्याने २० इंची आरशाची दुर्बीण करवून घेतली आणि तिच्याच खांबावर दुसऱ्या बाजूला ७ इंची भिंगाची दुर्बीण बसवली: एकीने छायाचित्र घ्यायचे, दुसरीने नजर ठेवायची. २९ डिसेंबर १८८८ च्या रात्री चार तास प्रकाश घेऊन त्याने देवयानीतल्या मोठ्या तेजोमेघाचे चित्र मिळवले. अंधाऱ्या रात्री तो नुसत्या डोळ्यांना धुक्याच्या ठिपक्यासारखा दिसतो. त्यापूर्वी चाळीस वर्षे अमेरिकेतल्या जॉर्ज बाँडने त्यात दोन काळे पट्टे पाहिले होते; ते काय असावेत हे उमगत नव्हते. रॉबर्ट्सच्या काचेवर उत्तर आले. ते पट्टे म्हणजे भोवऱ्यासारख्या गुंडाळलेल्या फाट्यांमधल्या फटी होत्या.

काच खरी होती, पण वाचणारा चुकला. रॉबर्ट्सला वाटले की आपण एका नव्या सूर्यमालेचा जन्म पाहतो आहोत. मधला गोळा सूर्य होणार आणि कडेचे ठिपके ग्रह. त्या काळच्या बहुतेक विद्वानांचाही कल तसाच होता. १९२३ साली एडविन हबल याला देवयानीच्या काचेवर ठरावीक लयीने कमीजास्त तेजस्वी होणारा एक तारा सापडला, त्यावरून अंतर काढता आले, आणि मग कळले की ती दुसरी आकाशगंगाच आहे. तिथून प्रकाश यायला सुमारे २५ लाख वर्षे लागतात.

ज्या ग्रबनी रॉबर्ट्सची दुर्बीण केली, त्यांचीच २० इंची आरशाची दुर्बीण पुण्यालाही आली होती, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असते. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्या देणगीतून पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात वेधशाळा निघाली आणि कावसजी दादाभाई नायगमवाला हे प्राध्यापक ती चालवीत. २२ जानेवारी १८९८ चे खग्रास सूर्यग्रहण त्यांनी जेऊर येथून पाहिले आणि त्याचा सविस्तर अहवाल छापला. पण आपल्या विषयाशी त्यांचा संबंध निराळा आहे. तेजोमेघाचा प्रकाश त्रिकोणी काचेतून पसरला की एक ठळक हिरवी रेघ दिसते. ती मॅग्नेशियमची आहे, असे लॉकियर या इंग्रज पंडिताचे म्हणणे. तसे असते तर ती एका बाजूला फिस्कटलेली दिसायला हवी. नायगमवालांनी मृगातल्या तेजोमेघाची ही रेघ पुण्याहून तपासली आणि १८९१ साली प्रसिद्ध केले की ती स्वच्छ व धारदार आहे. लॉकियरचा तर्क टिकला नाही. ती रेघ विरळ प्राणवायूची, म्हणजे ऑक्सिजनची आहे, हे १९२७ साली आयरा बोवेन याने सिद्ध केले. १९१२ साली नायगमवाला निवृत्त झाले, पुण्याची वेधशाळा बंद पडली आणि सामान कोडाईकनालला गेले. पण ती हिरवी रेघ लक्षात ठेवा, पुढे तिचे काम आहे.

काचेचे आणि फिल्मचे राज्य पुढे जवळजवळ शंभर वर्षे टिकले. पण फिल्मला एक खोड होती: ती थकते. पहिल्या पाच मिनिटांत जेवढे टिपते, तेवढे पुढच्या पाच मिनिटांत टिपत नाही. म्हणून हौशी लोक फिल्म हायड्रोजन मिसळलेल्या वायूत ऊब देऊन तरतरीत करीत. अंधाऱ्या खोलीतही कसब लागे. ऑस्ट्रेलियात डेव्हिड मॅलिन याने १९७० नंतर अशा युक्त्या बसवल्या की काचेत दडलेला अगदी क्षीण प्रकाश कागदावर यावा. मूळ चित्राची एक अस्पष्ट उलटी प्रत त्याच्यावरच ठेवायची, म्हणजे झगझगीत भाग दबतात आणि बारीक तपशील वर येतात.

१९६९ साली अमेरिकेत बॉइल आणि स्मिथ या दोघांनी सीसीडी नावाची सिलिकॉनची चकती शोधली. फिल्म शंभरातले दोन-चारच प्रकाशकण पकडते. ही चकती निम्म्याहून जास्त पकडते आणि थकत नाही. १९९० नंतरच्या दशकात ती हौशी लोकांच्या आवाक्यात आली. मग रीतच पालटली. चार तासांचे एक चित्र घेण्याऐवजी पाच-पाच मिनिटांची शेकडो चित्रे घ्यायची आणि संगणकाने एकावर एक रचून सरासरी काढायची. शिक्षकांना हे वर्गात दाखवता येईल. चाळीस मुलांना ओसरीची लांबी टीचभर पट्टीने मोजायला सांगा. प्रत्येकाचे उत्तर थोडे इकडेतिकडे येईल, पण सरासरी खऱ्या लांबीच्या पुष्कळ जवळ जाईल. शंभर चित्रे रचली की त्यांतली खरखर दहावा हिस्सा उरते, आणि तेजोमेघ मात्र जागच्या जागी राहतो.

यंत्राची स्वतःची घाणही काढावी लागते. दुर्बिणीला झाकण लावून तेवढ्याच वेळाचे काळे चित्र घेतात. त्यात चकतीच्या उबेने आलेले ठिपके मिळतात, ते वजा करायचे. एकसारख्या पांढऱ्या उजेडाचे चित्र घेतात. त्यात काचेवरच्या धुळीच्या सावल्या दिसतात, त्यांनी भागायचे. इथवर सारा हिशेब आहे. त्यापुढे अंधुक भाग उजळायचे आणि रंग द्यायचे काम येते, आणि तिथे माणसाचा हात लागतो. गंधक, हायड्रोजन, प्राणवायू यांच्या रेघा वेगवेगळ्या गाळण्यांतून टिपून त्यांना अनुक्रमे लाल, हिरवा, निळा रंग देण्याची पद्धत रूढ आहे. त्यात लबाडी नाही, पण चित्राखाली तसे लिहिलेले असावे. नसेल तर असे चित्र शाळेच्या भिंतीवर लावू नये, असे माझे मत आहे. हल्ली चित्र धारदार करणारी अशीही साधने निघाली आहेत की ती नसलेले तपशील स्वतःच भरतात. पूर्वी बोटाचा ठसा पुसता येत असे. हा डाग ओळखणे अवघड.

याबाबतीत खेड्यांजवळ एक भांडवल आहे, ते शहरांजवळ उरलेले नाही: काळोख. आकाश रस्त्यावरच्या दिव्यांनी उजळले की अंधुक तेजोमेघ त्यात विरघळतो, आणि मग कितीही चित्रे रचा, कष्ट कैक पटींनी वाढतात. आपल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये काळोख राखणारे क्षेत्र म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. त्यासाठी आसपासच्या गावांतले दिवे बदलून त्यांचा उजेड खाली वळवला. दिवे विझवले नाहीत, बरं का.

आता ती हिरवी रेघ. २०२२ साली दोन फ्रेंच आणि एक जर्मन अशा तीन हौशी निरीक्षकांनी देवयानीची चित्रे रचायला घेतली. दुर्बीण जेमतेम चार इंच तोंडाची, रॉबर्ट्सच्या पाचव्या हिश्शाएवढी. बावीस रात्री, शंभराहून जास्त तास प्रकाश गोळा केला, आणि त्यात प्राणवायूच्या त्या हिरव्या रेघेचा प्रकाश तेवढाच सोडणारी गाळणीही लावली. देवयानीच्या शेजारी एक निळसर कमान उमटली, दीड अंश लांब, म्हणजे तीन पूर्णचंद्र ओळीने ठेवावेत एवढी. जगातल्या सर्वांत जास्त छायाचित्रे निघालेल्या आकाशाच्या तुकड्यात ती कुणाला सापडली नव्हती.

त्यांना पहिली शंका तीच आली, जी १८८५ साली आंरी बंधूंना आली होती. म्हणून वेगळ्या ठिकाणांहून, वेगळ्या दुर्बिणींनी तीच जागा टिपली गेली. कमान प्रत्येक चित्रात आली. जानेवारी २०२३ मध्ये धंदेवाईक खगोलवेत्त्यांबरोबर त्यांचे टिपण प्रसिद्ध झाले. ही कमान देवयानीजवळची की आपल्याच आकाशगंगेतली, यावर लगेच मतभेद झाले. पुढच्या निरीक्षणांचा कल ती आपल्याकडची असावी असा आहे. तसे असेल तर देवयानी तिच्या फार मागे, पडद्यावरच्या चित्रासारखी उभी आहे, आणि शोधणाऱ्यांनी जिच्यासाठी रात्री जागवल्या तिच्याशी कमानीचे काही नातेच नाही.