काचपात्रांतील गर्भ

मुंबईच्या परळ भागांतील के. ई. एम. रुग्णालयांत ६ ऑगस्ट १९८६ रोजीं एक कन्या जन्मास आली. स्त्रीबीज व शुक्रबीज यांचा संयोग तिच्या बाबतींत मातेच्या उदरांत न होतां काचपात्रांत झाला होता. डॉ. इंदिरा हिंदुजा यांचें वैद्यकीय कौशल्य आणि परळ येथीलच प्रजनन संशोधन संस्थेंतील डॉ. टी. सी. आनंदकुमार प्रभृतींचे परिश्रम यांचें तें फळ होतें. तत्पूर्वीं ३ ऑक्टोबर १९७८ रोजीं कलकत्त्यास डॉ. सुभाष मुखर्जी यांनीं हेंच कार्य साधलें होतें; परंतु सरकारी समितीनें त्यावर विश्वास ठेवला नाहीं. १९८१ सालीं मुखर्जी निवर्तले, आणि १९९७ सालीं खुद्द आनंदकुमार यांनींच त्यांचे कागदपत्र तपासून अग्रमान त्यांस दिला.

अशा घटनांत बालकाचें कौतुक होतें, पात्राचें होत नाहीं. वस्तुतः हा सारा इतिहास पात्रांतील द्रवाचा, उष्णतेचा व हवेचा आहे. १९५९ सालीं अमेरिकेंत मिन चुए चांग यांनीं सशांच्या बाबतींत हा प्रयोग यशस्वी केला. मानवी बीज मात्र कित्येक वर्षें दाद देईना. अखेर केंब्रिज येथें रॉबर्ट एडवर्ड्स यांनीं बॅरी बॅव्हिस्टर यांचा द्रव घेतला. तो हॅमस्टर नामक उंदरासारख्या प्राण्याच्या बीजांसाठीं सिद्ध केलेला असून त्याची आम्लता नेहमींच्या द्रवाहून कमी होती. त्यांत मानवी बीजांचा संयोग घडून आला व १९६९ सालीं तें वृत्त प्रसिद्ध झालें. पॅट्रिक स्टेप्टो व जीन पर्डी यांच्या साहाय्यानें पुढें २५ जुलै १९७८ रोजीं ओल्डहॅम येथें पहिलें बालक जन्मलें.

द्रवांतील एवढ्याशा फरकाचें इतकें महत्त्व कां? कोवळ्या गर्भास ना त्वचा, ना यकृत, ना मूत्रपिंड. सभोंवतालच्या द्रवाचा प्रत्येक दोष त्यास थेट सोसावा लागतो. तापमान ३७ अंशांवरून खालीं गेलें, तर बीजांतील गुणसूत्रें योग्य जागीं राखणारे सूक्ष्म तंतू विसकटतात. द्रवाची आम्लता राखण्यासाठीं पेटींतील हवेंत ५ ते ६ टक्के कार्बन डायऑक्साइड लागतो. दार वारंवार उघडल्यास तो निसटतो व द्रवाचा समतोल ढळतो. बाहेरच्या हवेंत प्राणवायु सुमारें २१ टक्के, तर स्त्रीच्या बीजवाहिनींत त्याहून पुष्कळच कमी. म्हणून अनेक प्रयोगशाळांत तो ५ टक्क्यांवर ठेवतात. रंग, डिंक व जंतुनाशकें यांच्या वाफाहि गर्भास अपायकारक ठरूं शकतात. छत्रपती संभाजीनगरानजीक, वाळूजच्या कारखान्यांच्या सान्निध्यांत वसलेल्या बजाजनगरासारख्या वस्तींत अशी प्रयोगशाळा थाटावयाची झाल्यास हवा गाळणारीं यंत्रें ही चैन नसून गरज होय.

तथापि एक मर्यादा ध्यानांत ठेवली पाहिजे. उत्तम प्रयोगशाळा सदोष गर्भास निर्दोष करूं शकत नाहीं. निकृष्ट प्रयोगशाळा मात्र निर्दोष गर्भास बिघडवूं शकते. स्त्रीचें वय, बीजांचा दर्जा, पुरुषाचें आरोग्य, हीं कारणें आहेतच. पण त्यांच्या जोडीस हें चौथें कारणहि आहे, आणि तें डोळ्यांस दिसत नाहीं.

आपल्या समाजांत मूल न झाल्याचा ठपका प्रथम सुनेवर येतो, आणि उपचार फसला तरीहि तो तिच्याच माथीं मारला जातो. परळच्या त्या काचपात्राचा इतिहास निराळें सांगतो. जे कांहीं दिवस गर्भ मातेच्या शरीराबाहेर असतो, त्या दिवसांत त्याच्या रक्षणाचा भार तिच्यावर नसतो. तो उष्णतामापकावर, हवेच्या गाळणीवर आणि रात्रंदिन नोंदी ठेवणाऱ्या माणसांवर असतो. तेव्हां अपयश आलें असतां घरच्या वडीलधाऱ्यांनीं सुनेस प्रश्न विचारण्यापूर्वीं त्या नोंदी पाहण्यास मागाव्या, हेंच न्यायाचें होय.