प्रादो संग्रहालय

प्रादो संग्रहालय : स्पेनची राजधानी माद्रिद येथील राष्ट्रीय कलासंग्रहालय. स्थापना १९ नोव्हेंबर १८१९. स्पेनच्या राजांनी सुमारे तीन शतके जमवलेली चित्रे हा त्याचा गाभा. वास्तुकार ह्वान दे बियानुएवा याने १७८५ मध्ये इमारतीचा आराखडा केला तो निसर्गविज्ञानाच्या संग्रहासाठी. नेपोलियनच्या स्वारीत फ्रेंच घोडदळ इथे उतरले आणि छपराचे शिसे गोळ्या ओतण्यासाठी उपसून नेले. त्या पडक्या वास्तूत चित्रे मांडावीत, हा आग्रह सातव्या फर्डिनंडची राणी मारिया इझाबेल हिचा. उद्घाटन पाहायला मात्र ती नव्हती. १८१८ च्या अखेरीस बाळंतपणात तिचे निधन झाले. आरंभी ३११ चित्रे मांडली होती, सगळी स्पॅनिश चित्रकारांची. १८६८ मध्ये राणी दुसरी इझाबेल पदच्युत झाल्यावर संग्रह राष्ट्राच्या मालकीचा झाला.

प्रादो पाहताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी : कलेचा सलग इतिहास दाखवण्यासाठी हा संग्रह जमवलेला नाही. राजांना जे आवडले, ते त्यांनी मनसोक्त घेतले. पाचवा चार्ल्स आणि त्याचा मुलगा दुसरा फिलिप यांचा जीव तिशियनवर, म्हणून त्या व्हेनिसच्या चित्रकाराची इतकी चित्रे जगात दुसरीकडे एकत्र नाहीत. मनाने कर्मठ असलेल्या फिलिपने बॉशचे ‘ऐहिक सुखांचे उद्यान’ हे अचाट त्रिपट चित्र एस्कोरियालच्या मठ-राजवाड्यात नेऊन ठेवले होते. चौथ्या फिलिपने इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद झाल्यावर त्याच्या विक्रीस निघालेल्या संग्रहातून निवडक चित्रे मिळवली. उलट डच प्रांतांशी ऐंशी वर्षे वैर. त्यामुळे रेम्ब्रांटचे इथे एकच चित्र आहे आणि व्हर्मीरचे एकही नाही. ही उणीवसुद्धा स्पेनचा इतिहासच सांगते.

१७३४ च्या नाताळच्या आदल्या रात्री माद्रिदच्या जुन्या राजवाड्याला आग लागली. पाचशेहून अधिक चित्रे जळाली. काही चौकटीतून कापून खिडक्यांबाहेर फेकली म्हणून वाचली. वाचलेल्यांत वेलाझ्केझचे ‘लास मेनिनास’ (१६५६) होते. सव्वातीन मीटरच्या आसपास उंचीच्या या चित्रात छोटी राजकन्या मार्गारिता, दासी, ठेंगू सेवक, पेंगुळलेला कुत्रा आणि कुंचला घेतलेला खुद्द चित्रकार आहे; राजा-राणी मात्र फक्त मागच्या आरशात धूसर दिसतात. जवळ जावे तर राजकन्येच्या बाहीवर रंगाचे सुटे, घाईचे फटकारे. चार पावले मागे सरावे की तेच झुळझुळीत रेशीम होते. प्रादोला जाण्यासाठी हे एक कारण पुरेसे आहे.

गोयाची चित्रेही इथे विपुल : राजघराण्याचे निर्भीड समूहचित्र, ‘३ मे १८०८’ मधला गोळीबार आणि त्याने उतारवयात स्वतःच्या घराच्या भिंतींवर रंगवलेली ‘काळी चित्रे’. भिंतींवरून ती पुढे कापडावर उतरवण्यात आली.

यादवी युद्धात, १९३६ पासून, निवडक चित्रे बाँबहल्ल्यांच्या भीतीने व्हॅलेन्सिया, कॅटलोनिया आणि अखेर जिनिव्हा अशी हलवली गेली. १९३९ मध्ये ती परतली. २००७ मध्ये राफाएल मोनेओ याने रचलेला नवा विस्तार खुला झाला.

दालनांत छायाचित्रे काढण्यास मनाई आहे. रोज शेवटचे दोन तास प्रवेश विनामूल्य असतो, त्यामुळे तेव्हा लांब रांग लागते. निवांत पाहायचे असेल तर तिकीट काढून सकाळी दार उघडतानाच पोहोचावे आणि थेट वेलाझ्केझच्या दालनात जावे.