कियांती : नियम आणि विसरलेली अट

इटलींत, फ्लॉरेन्स व सिएना या दोन इतिहासप्रसिद्ध नगरांच्या दरम्यान, कियांती नांवाचा डोंगराळ प्रदेश आहे. तेथील तांबड्या द्राक्षमद्याची कीर्ति जगभर आहे. परंतु नियम काटेकोर पाळूनही वस्तु कशी बिघडते, याचा एक बोधप्रद धडा त्या कीर्तीच्या इतिहासांत सांपडतो.

तो समजण्यास हें मद्य कसें होतें तें आधीं पाहिलें पाहिजे. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास द्राक्षें खुडून चेचतात. काळ्या द्राक्षांचाही रस बहुधा फिकाच असतो. रंग असतो तो सालींत. म्हणून तांबड्या मद्यासाठीं रस सालींसह आंबूं देतात. किण्वाच्या योगानें रसांतील साखरेचा मद्यार्क होतो, आणि त्याच वेळीं सालींतील रंग व तुरटपणा रसांत उतरतो. हा तुरटपणा नव्या मद्यांत कच्च्या सुपारीसारखा जिभेला बोंचतो. पण तोच पुढें पिंपांत मुरून मद्याला दीर्घायुष्य देतो. पांढरीं द्राक्षें मिसळलीं, तर मद्य हलकें व लवकर पिण्याजोगें होतें; मात्र तें फार काळ टिकत नाहीं. एवढी गोष्ट श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवली, म्हणजे पुढील इतिहास आपोआप उलगडेल.

इ. स. १७१६ मध्यें टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो मेदिची यानें फर्मान काढून कियांतीसह चार प्रदेशांच्या सीमा आंखून दिल्या. बाहेरच्या मद्यानें त्यांचें नांव मिरवूं नये, हा हेतु. नांवाचें रक्षण झालें. पण त्या नांवाच्या बुधल्यांत असावें काय, हा प्रश्न राहिलाच.

त्याचें उत्तर बेत्तिनो रिकासोली यानें दिलें. काव्हूरच्या मृत्यूनंतर १८६१ सालीं इटलीच्या पंतप्रधानपदीं आलेला हा करारी सरदार कियांतींतील ब्रोलिओ गढीचा धनी होता. त्यानें वर्षानुवर्षें द्राक्षांवर प्रयोग केले, आणि १८७२ मध्यें पिसा येथील प्राध्यापक स्तुदियाती यांस पत्रानें निष्कर्ष कळविले. सांजोवेझे या काळ्या द्राक्षानें मद्यास सुगंध व जोम येतो. कानायोलोनें त्याचा करडेपणा सौम्य होतो. आणि माल्वाझीया या पांढऱ्या द्राक्षानें तें रोजच्या जेवणास साजेसें हलकें होतें. मात्र जें मद्य मुरवून ठेवावयाचें, त्याला माल्वाझीयावांचून चालेल, असेंही त्यानें लिहून ठेविलें.

काळाच्या ओघांत कृति उरली, अट विसरली गेली. १९६७ सालीं सरकारनें कियांतीसाठीं जी नियमावली केली, तींत १० ते ३० टक्के पांढरीं द्राक्षें सक्तीचीं ठरलीं. मग तें मद्य रोजचें असो वा मुरविण्याचें. शिवाय माल्वाझीयाच्या जोडीला भरपूर पिकणारें, पण रुचीनें बेताचें असें त्रेब्बियानो हें द्राक्षही मान्य झालें. गवताच्या वेष्टणाचे गोल बुधले देशोदेशीं गेले, आणि त्यांबरोबर पाणचटपणाचा लौकिकही गेला.

कांहीं मानी उत्पादकांना हें सोसवेना. फ्लॉरेन्सच्या आंतिनोरी घराण्यानें आपल्या टिन्यानेल्लो मद्यांतून १९७५ पासून पांढरीं द्राक्षें पार काढून टाकलीं. त्यावर कियांती हें नांव लावतां येईना. कायद्याच्या लेखीं तें साधें जेवणाचें मद्य ठरलें. तरी जाणत्यांनीं तें चढ्या दामानें घेतलें. अखेर कायद्यालाच मान तुकवावी लागली. कियांती क्लासिको, म्हणजे जुन्या मूळ प्रदेशांतील मद्य, केवळ सांजोवेझेचें करण्याची मुभा १९९६ मध्यें मिळाली, आणि २००६ च्या हंगामापासून त्यांत पांढऱ्या द्राक्षांना बंदीच झाली.

मद्याचा पारखी पेला पांढऱ्या कापडापुढें कलता धरून आधीं रंग पाहतो. मग पेला घोळवून वास घेतो. आणि शेवटीं लहानसा घोट जिभेवर फिरवितो. सांजोवेझेचा रंग माणकासारखा, वयपरत्वें विटकरी होणारा. वासाला आंबट चेरीची छटा. चवींत आंबटपणा व तुरटपणा दोन्ही ठळक. रिकासोलीनें नियमाबरोबर त्याचें कारणही सांगितलें होतें. कायद्यानें नियम तेवढा उचलला. कारणाची आठवण शेवटीं जिभेनें करून दिली.