ढोलाला घाबरलाय तो

या घटनाक्रमातला बोका कुणा एका घरातला नाही. अशा बऱ्याच बोक्यांवरून तो जुळवला आहे. वय सहा, वजन साडेपाच किलो, अंगावर पट्टे, जात विचाराल तर गल्लीतली. घर पुण्यात सदाशिव पेठेत, कुमठेकर रस्ता आणि टिळक रस्ता यांच्या मधल्या पट्ट्यात. दिवस अनंत चतुर्दशीचा. रात्री १० वाजून २४ मिनिटांनी बोक्याचं हृदय थांबणार आहे. तिथून मागे मोजू.

७४ तास आधी

मानेला खाज सुटून बोक्याने कातडं सोलून काढलंय. डॉक्टर छाती तपासतात, ठोके साफ ऐकू येतात. ते लांब टिकणारं स्टेरॉइड टोचतात. इथे कुणाला दोष देऊ नये. बोक्याला हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी आहे; हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत जाड आणि ताठ झाली आहे. वरवर धडधाकट दिसणाऱ्या मांजरांची इको तपासणी केली, तर शंभरात पंधराच्या आसपास मांजरांत हे सापडतं. त्यातली पुष्कळ काही त्रास न होता म्हातारी होतात. अनेकांच्या ठोक्यांत काहीही वेगळं ऐकू येत नाही. पण असं हृदय काठावर असेल, तर लांब टिकणाऱ्या स्टेरॉइडनंतर काही दिवसांतच ते निकामी होऊ शकतं, कारण रक्तातला द्रव वाढतो आणि ताठ कप्प्याला तो पेलवत नाही.

२३ तास आधी

रात्री साडेअकरा. बोका सोफ्यावर झोपलाय. त्याचा श्वास मिनिटाला ३८ वेळा चाललाय. हा आकडा कुणाकडे नाही, कारण कुणी मोजला नाही.

झोपलेल्या निरोगी मांजराचा श्वास मिनिटाला तिसाच्या आत असतो. छाती वर गेली आणि खाली आली की एक. मोबाइलवर तीस सेकंद लावायचे, मोजायचं, दुप्पट करायचं. मांजर घुरघुरत असेल तेव्हा मोजू नये, गाढ झोपेत मोजावं. सलग दोनतीनदा तिसाच्या वर आकडा आला की डॉक्टरांना फोन. घरात करता येण्यासारखी याहून चांगली तपासणी मला माहीत नाही आणि तिला पैसा लागत नाही. या रात्री ती झाली असती, तर सकाळी मिरवणूक निघायच्या आत रिक्षाने दवाखाना गाठता आला असता.

१५ तास आधी

सकाळी वाटीतलं खाणं तसंच. घरात मोदकांची गडबड. ‘रात्री कुठेतरी उंदीर खाल्ला असेल,’ असं ठरतं.

११ तास आधी

मंडईच्या टिळक पुतळ्यापासून कसब्याचा गणपती निघालाय. ढोल-ताशांची पथकं लक्ष्मी रस्त्यावर असली, तरी खिडकीच्या काचा इथवर थरथरतात. बोका पलंगाखाली जातो. दर वर्षी जातो. या वर्षीचा फरक एवढाच, की तो आडवा झालेला नाही. पोटावर बसलाय, पुढच्या पायांची कोपरं अंगापासून लांब धरून, मान थोडी पुढे काढून. ज्याला श्वास पुरत नाही ते मांजर असं बसतं. छातीला फुगायला जागा हवी असते.

आतला हिशोब असा. ठोक्यांच्या मधल्या वेळात हृदय रक्ताने भरतं. ताठ कप्प्याला भरायला जास्त वेळ हवा. भीतीने ठोके वाढले की तोच वेळ कमी होतो. मग रक्त मागे डाव्या कर्णिकेत तुंबतं, तिथून फुप्फुसांच्या शिरांत, आणि दाब वाढला की पाणी फुप्फुसांत आणि त्यांच्याभोवती झिरपायला लागतं. कुत्र्याचं हृदय असं थकलं की ते बहुधा खोकतं. हृदय थकलेलं मांजर सहसा खोकत नाही, नुसतं गप्प होतं. मांजर खोकत असेल तर आधी दम्याचा संशय घ्यावा. मान लांब करून ते ठसकतं आणि घरचे म्हणतात, केसांचा गोळा अडकलाय.

६ तास आधी

आजी खाली वाकून बघतात. ‘अरे, पोट उडतंय त्याचं.’

‘आई, ढोलाला घाबरलाय तो. उद्या बघ, ठणठणीत.’

आजींनी जे पाहिलं, त्यावर एखादा चांगला पशुवैद्य अर्धं निदान करून मोकळा होईल. श्वास आत घेताना घरघर किंवा शिट्टी येत असेल, तर अडथळा नाकात किंवा घशात. बाहेर सोडताना जोर लागत असेल, सूं सूं आवाज येत असेल, तर दमा. आणि श्वास तोकडा, भराभर चाललेला, छाती आणि पोट एकमेकांच्या उलट हलणारी, आवाज मात्र काही नाही, अशी गत असेल तर बहुधा फुप्फुसांच्या भोवती पाणी भरलंय. त्या पाण्यामागे हृदय असू शकतं, छातीत झालेला पू असू शकतो, लिम्फोमाची गाठ असू शकते, तरुण मांजरात एफआयपी हा विषाणूमुळे होणारा आजार असू शकतो. ते कशामुळे आलं हे नंतर शोधता येतं. काढावं मात्र ते ताबडतोब लागतं.

पोट उडतंय, हे आजी दुसऱ्यांदा म्हणत नाहीत. पाहुणे आलेत.

४ तास आधी

साडेसहा. आता मुलालाही वाटतं, सर्दी असावी. भाचा क्रोसिनची गोळी पुढे करतो, पाव देऊ म्हणतो. सून हात धरते, आणि या दिवसातलं हे एकमेव बरोबर पाऊल आहे. पॅरासिटॅमॉल पचवून बाहेर टाकण्याची यंत्रणा मांजराच्या यकृतात फारच तोकडी असते. पाव गोळीही जीव घेऊ शकते. रक्त चॉकलेटी होतं आणि प्राणवायू वाहून नेईनासं होतं. गोळी टळते. त्याऐवजी बोक्याला टोपलीखाली घालून वाफ देतात. दहा मिनिटं तो झटापट करतो. ठोके आणखी वाढतात.

पावणेदोन तास आधी

तोंड उघडं. कुत्रं धापा टाकतं ते अंग थंड करायला. मांजराचं तसं नसतं. एखादं पिल्लू दंगा करून क्षणभर धापावलं तर ठीक. बसल्या जागी मांजर तोंडाने श्वास घेत असेल, तर पुढचा विचार वाटेत करायचा.

नेहमीचा दवाखाना सुट्टीमुळे बंद. फोनाफोनी. चोवीस तास उघडं असणारं रुग्णालय टिळक रस्त्याच्या पलीकडे सापडतं.

७० मिनिटं आधी

लक्ष्मी, केळकर, कुमठेकर आणि टिळक हे चारही रस्ते मिरवणुकीचे आणि चारही अलका चौकाकडे जाणारे. या घरातून बाहेर पडायचं, तर कुठलीतरी मिरवणूक ओलांडावीच लागते. टोपली छातीशी धरून मुलगा पायी निघतो. टिळक रस्त्यावर मंडळं लागलेली, स्पीकरच्या भिंती, दोरखंड धरलेले कार्यकर्ते. एक पोलीस टोपलीत डोकावतो, शिट्टी वाजवून वाट काढून देतो. एरवी दहा मिनिटांची वाट, पाऊण तासाहून जास्त लागतो.

टोपलीवर पंचा टाकावा, हे कुणाला सुचलं नाही. अंधारात मांजर जरा निवतं.

१९ मिनिटं आधी

रुग्णालय. हिरड्या निळसर, अंग गार. धापावलेल्या मांजराचं अंग गार असणं हे हृदयाकडे बोट दाखवतं. इथपर्यंत घरात जितकी सुस्ती होती, तितकीच आता लगबग सुरू होते, आणि दोन्ही चुकीच्या ठिकाणी आहेत. घरात घाई हवी होती. इथे हात मागे घ्यायला हवे होते.

व्हायला हवं ते असं. पेटीत प्राणवायू सोडून बोक्याला दहापंधरा मिनिटं एकटं ठेवायचं. धडपड थांबावी म्हणून ब्युटॉर्फॅनॉलची सौम्य गुंगी. हृदयाचा संशय पक्का असेल तर शरीरातलं पाणी लघवीवाटे काढणारं फ्युरोसेमाइड. मग तो बसल्या जागी, प्राणवायूची नळी नाकाशी धरून, सोनोग्राफीचा प्रोब छातीला. दोन मिनिटांत पाणी दिसतं, फुगलेली कर्णिकाही दिसते. बारीक सुई फासळ्यांमधून घालून ते पाणी काढलं, की पुष्कळ मांजरं टेबलावरच मोकळा श्वास घेऊ लागतात. एक्स-रे, रक्त, सलाइनची सुई हे सगळं त्यानंतर. सलाइनची बाटली तर अशा मांजराला लावायचीच नसते. बुडणाऱ्याला पाणी पाजण्यातला प्रकार.

६ मिनिटं आधी

नवा सहाय्यक, रांगेत दोन भाजलेली कुत्री, सोनोग्राफी यंत्र दुसऱ्या खोलीत. ‘आधी एक्स-रे घेऊन टाकू.’ बोक्याला एका कुशीवर आडवं करतात, पाय ताणून धरतात. पाण्यावर तरंगणारा फुप्फुसांचा जो थोडा भाग अजून फुगत होता, तो आता खाली दबतो. बोका एकदा जोरात ओरडतो.

शून्य

१० वाजून २४ मिनिटं. नळी घातली जाते, छाती दाबली जाते, अ‍ॅड्रिनालिन दिलं जातं. चौदा मिनिटांनी थांबतात.

नंतर

परवानगी घेऊन छातीत सुई घातली जाते. फिकट गुलाबी पाणी निघतं, मोठी सिरिंज पुन्हा पुन्हा भरते. एक्स-रेचा फोटो चांगला आलाय. हृदय त्यात दिसतच नाही, सगळं पांढरं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, शेवटची मंडळं अजून रस्त्यावर असताना, सून कोथरूडला फोन करते. बोक्याचा सख्खा भाऊ तिथे आहे. हा आजार काही घराण्यांत उतरतो. मेन कून आणि रॅगडॉल जातींत त्याची जनुकं सापडली आहेत, गल्लीतल्या मांजरांसाठी मात्र तशी चाचणी नाही. म्हणून भावाचा इको करायचा. कर्णिका फुगलेली निघाली, तर रक्ताची गुठळी होऊन मागचे पाय लुळे पडण्याचाही धोका असतो. त्यासाठी क्लोपिडोग्रेलच्या ७५ मिलिग्रॅमच्या गोळीचा चौथा भाग रोज, डॉक्टरांनी सांगितलं तर. इको स्वच्छ आला, तरी पुढच्या वर्षी परत, कारण भिंत सातव्या-आठव्या वर्षीही जाड होऊ शकते. आणि खाजेसाठी लांब टिकणारं स्टेरॉइड कुणी देऊ केलं, तर आधी भावाचं काय झालं ते सांगायचं.